व्हर्च्युअल स्विच राउटरच्या मागे का राहिला?

नेटवर्किंगच्या सरावासाठी घरच्या लॅबमध्ये, म्हणजे आपल्याच पीसीवर, राउटर चालवणं २००५ पासूनच जमू लागलं. स्विचसाठी मात्र बरीच वर्षं जुगाडावर भागवावं लागलं. २००५ मध्येच फ्रान्समध्ये क्रिस्तोफ फियो यांनी डायनामिप्स हा एम्युलेटर, म्हणजे हार्डवेअरची नक्कल करणारा प्रोग्राम, लिहायला घेतला. सिस्को कंपनीच्या ७२०० राउटरचं हार्डवेअर तो साध्या पीसीवर उभं करी आणि त्यावर आयओएस या सिस्कोच्या ऑपरेटिंग सिस्टिमची खरीखुरी इमेज (फाइल) बूट होई. हे जमलं, कारण त्या राउटरमध्ये पॅकेट पुढे धाडायचं काम प्रोसेसरच करतो. सिस्कोच्या कॅटलिस्ट स्विचमध्ये ते काम एसिक या त्याच कामासाठी घडवलेल्या चिपकडे असतं, आणि तिची नक्कल करणं कुणाच्याच आवाक्यात नव्हतं.

मग पळवाट निघाली: डायनामिप्सवरच्या ३७०० मालिकेतल्या राउटरला एनएम-१६ईएसडब्ल्यू हे १६ पोर्टचं मॉड्यूल लावायचं. डायनामिप्स माउसने हाताळू देणारं जीएनएस३ आल्यावर तर हा प्रकार सर्रास झाला. व्हीलॅन, ट्रंक, स्पॅनिंग ट्री या स्विचच्या नेहमीच्या कामांपर्यंत गाडी चाले. पण खऱ्या स्विचवरच्या 'शो व्हीलॅन' कमांडऐवजी 'शो व्हीलॅन-स्विच' टाइप करावं लागे. सिस्कोच्या परीक्षेची तयारी करणाऱ्याच्या हाताला भलतंच वळण लागायचं ते यामुळे.

सिस्कोकडे स्वतःपुरता वेगळा उपाय होता. आयओएसच युनिक्सवर एखाद्या साध्या प्रोग्रामसारखं चालवायचं, म्हणजे आयओयू (आयओएस ऑन युनिक्स). लिनक्सवरचा त्याचा अवतार आयओएल. त्याच्या एल२ इमेज, म्हणजे स्विचचं काम करणाऱ्या इमेज, अगदी थोड्या मेमरीत चालतात. त्या बाहेर फुटल्या आणि हातोहात पसरल्या, पण परवान्याचा प्रश्न तसाच राहिला. पुढे २०१४ मध्ये सिस्कोने व्हर्ल हे लॅबचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं आणि त्यातून पुढे आयओएसव्ही-एल२ ही स्विचची इमेज रीतसर मिळू लागली. अरिस्टा या दुसऱ्या स्विच कंपनीला एवढा आटापिटा करावा लागला नाही. त्यांची ईओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम मुळातच लिनक्सवर उभी, त्यामुळे तिचा व्हर्च्युअल अवतार व्हीईओएस हा खऱ्या स्विचच्या सॉफ्टवेअरचा सख्खा भाऊ.

या नव्या इमेज म्हणजे सरळ व्हर्च्युअल मशीनच, क्यूईएमयू आणि केव्हीएम या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या साधनांवर चालणाऱ्या. ईव्ही-एनजी या लॅब उभारायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या बसवताना नवख्याची हमखास अडचण होते ती नावांपाशी. उदाहरणार्थ आयओएसव्ही-एल२ साठी फोल्डरचं नाव 'viosl2-' नेच सुरू व्हायला हवं आणि आतली डिस्क 'virtioa.qcow2' याच नावाची हवी, कारण फोल्डरच्या नावाची सुरुवात पाहूनच ईव्ही-एनजी त्या यंत्राचा साचा (टेम्प्लेट) निवडतं. फाइल टाकल्यावर तिच्या परवानग्या नीट करणारं 'fixpermissions' चालवायचं. हे सगळं घडतं '/opt/unetlab' या फोल्डरखाली: ईव्ही-एनजी ज्यातून निघालं, त्या युनेटलॅबचं नाव तिथे अजून तसंच आहे.