खात्याच्या भात्यापाशी

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडचं. मृग लागायच्या आधीचे पंधरा दिवस गावातली सगळ्यात गजबजलेली जागा म्हणजे देवळाचा पार नव्हे, खात्याची, म्हणजे लोहाराची, छपरी. वखराच्या नि डवऱ्याच्या पासा (लोखंडी पाती), कुऱ्हाडी, विळे, बंडीच्या चाकाच्या धावा, सगळं तिथे येऊन पडायचं. आबाजी मला पास देऊन पाठवायचे आणि लवकर ये म्हणून कधी सांगायचे नाहीत. नंबर लागेपर्यंत तासभर सहज जायचा. पण बसलेलं पोरगं खातीबाबांना खपायचं नाही. "ये पोट्ट्या, पंखा फिरव." चामड्याचा भाता जाऊन हातानं फिरवायचा पंखा आला होता, तरी गाव त्याला भाताच म्हणे.

पंखा फिरवता फिरवता जे दिसलं, ते मला पुढे कॉलेजात धातुशास्त्राच्या पुस्तकात भेटलं. खातीबाबा तापलेल्या लोखंडाचं फक्त तोंड पाण्यात बुडवायचे. मागचा भाग लालच. मग बाहेर काढून दगडानं घासायचे आणि त्या चकचकीत पट्टीकडे टक लावून बघत बसायचे. मागची धग हळूहळू तोंडाकडे सरकायची आणि पट्टीवर रंग चालत यायचे. आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळट, शेवटी निळा. विळा असला की पिवळ्यावरच पाण्यात. पास असली की निळा येऊ द्यायचे.

"थ्याले पिवया झाल्यावर थांबलो, अन् याले निया होऊ देल्ला. काहून, सांग पाहू?"

मी काहीतरी ठोकून दिलं. ते हसले, पण उत्तर दिलं नाही. घरी येऊन आबाजींना विचारलं, तर ते म्हणाले, "त्यालेच इचार." पुढच्या हंगामात मी चारा कापायचा सोडून धुऱ्यावरच्या दगडावर विळा हाणला, पात्याचा तुकडा उडाला, आणि उत्तर मिळालं. शिव्याही मिळाल्या.

झटक्यात थंड केलेलं पोलाद फार कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. पुन्हा थोडं तापवलं की कडकपणा जरा कमी होतो, चिवटपणा वाढतो. किती तापलं ते रंग सांगतात. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. त्याची जाडी वाढेल तसा, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखा, त्याचा रंग बदलतो. फिका पिवळा साधारण 230 अंश सेल्सिअसला, निळा 300 च्या आसपास. विळ्याला धार टिकायला हवी, म्हणून पिवळा. पासेला वावरातले गोटे लागतात, म्हणून निळा. खातीबाबांकडे थर्मामीटर नव्हता आणि गरजही नव्हती.

आता मला प्रश्न पडतो तो पोलादाचा नाही. त्यांनी उत्तर का दिलं नाही? कंटाळा, की हिकमत?

2011 साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. रंगीत नळ्यांचं एक खेळणं, त्यात चार गमती दडवलेल्या. एक नळी ओढली की चूं आवाज, दुसरीकडे दिवा, तिसरीकडे सूर, चौथीत आरसा. काही मुलांना बाईंनी सांगितलं, "हे कसं चालतं ते दाखवते, बघ," आणि चूं करून दाखवलं. दुसऱ्या काहींसमोर बाईंनी तीच नळी चुकून ओढल्यासारखी ओढली आणि "अरेच्चा!" म्हणाल्या. नंतर खेळणं मुलांच्या हाती दिलं. ज्यांना रीतसर शिकवलं होतं, ती चूं चूं करत बसली. अरेच्चावाल्या मुलांनी जास्त वेळ खेळून बाकीच्या गमतीही जास्त शोधल्या. मुलांचा तर्क चुकीचा नाही. सांगणाऱ्यानं एवढंच सांगितलं, म्हणजे यात एवढंच असणार.

म्हणून शिकवूच नये, असा अर्थ कोणी काढू नये. नाहीतर आमच्याकडचे काही मास्तर आनंदानं हा लेख भिंतीला लावतील. प्रत्येक पोरानं पोलाद नव्यानं शोधायचं ठरवलं तर पिढ्या लागतील. रंगांकडे बघायचं, हे खातीबाबांनी दाखवलंच होतं. फक्त शेवटचा गुंता त्यांनी माझ्याकडे ठेवला.

विमान बनवणाऱ्या राइट बंधूंच्या घरात अशीच एक छपरी होती, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. 1878 साली वडिलांनी रबरबँडवर उडणारं बांबू-कागदाचं खेळणं आणलं, ही गोष्ट पाठ्यपुस्तकी झाली आहे. खेळणं मोडलं तेव्हा पोरांनी स्वतःच दुसरी बनवली. पण वडील मिल्टन चर्चचे बिशप. खिळा ठोकण्यातही त्यांचा हात चालत नसे. हात होता आईचा. सुझन राइटचे वडील जॉन कोर्नर घोडागाड्या बनवायचे, आणि ती लहानपणी त्यांच्या कारखान्यात वावरलेली. घरातल्या मोडक्या वस्तू ती दुरुस्त करायची, मुलांसाठी घसरगाडी तिनं स्वतः बनवली होती. काही अडलं तर ऑर्व्हिल आणि विल्बर तिच्याकडे जात. आपल्या भाषेत सांगायचं तर, विमानाच्या मागे बंडी बनवणारा एक आजा आहे आणि त्याच्या छपरीत बसलेली एक पोरगी आहे.

हे एका घरापुरतं म्हणावं, तर त्यावर मोठा अभ्यासही झाला आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी, ॲलेक्स बेल आणि त्यांच्या गटानं अमेरिकेतल्या सुमारे 12 लाख पेटंटधारकांच्या नोंदी प्राप्तिकराच्या नोंदींशी जोडून पाहिल्या. सर्वांत श्रीमंत 1 टक्का घरांतली मुलं उत्पन्नात खालच्या अर्ध्या घरांतल्या मुलांपेक्षा पेटंट मिळवण्यात दहापट पुढे निघाली. ती हुशारच असतील, असं कोणी म्हणेल. न्यूयॉर्कच्या शाळांतले तिसरीतले गणिताचे गुण तपासले, तर गुण सारखे असूनही गरीब घरातली मुलं मागेच. आणि मला सगळ्यात बोलकं वाटतं ते असं, की मूल ज्या गावात वाढलं तिथे जे शोध लागत, त्याच जातीचे शोध ते मोठेपणी लावतं, मग राहायला कुठेही जावो. मिनियापोलिस वैद्यकीय उपकरणांसाठी ओळखलं जातं, तर तिथली मुलं त्यात. सिलिकॉन व्हॅलीतली संगणकात. गणिताचं डोकं रक्तातून येतं असं घटकाभर मानू, पण हृदयाच्या झडपेचं वेड रक्तातून येत नाही. ते शेजारच्या काकांकडून येतं.

मग दारव्ह्याच्या पोराचं काय? त्याच्या शेजारी पेटंटवाला कोण असणार? नसतो, खरं आहे. पण इथे आकडेवारीची नजर जरा अपुरी पडते, कारण पेटंटच्या वहीत न बसणारे शोध आपल्याकडे लागतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड फकीर नावाचं छोटं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन दीड एकर. 1983 मध्ये पटेल-3 या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढून ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, आणि हे वर्षामागून वर्ष चालू ठेवलं. त्यातून निघालेल्या बारीक, चवदार तांदळाला मनगटी घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. 2005 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. 2018 साली ते गेले, तोवर त्यांच्या नावावर अनेक वाण जमा झाले होते.

एका माणसाला हे जमलं, याचं कारण धानाच्या फुलात आहे. धान स्वपरागी. फूल उघडायच्या सुमारासच त्याचे परागकण त्याच्याच कुक्षीवर पडतात, शेजारच्या झाडाशी संकर क्वचितच होतो. त्यामुळे वेगळा दिसलेला ओंबा नीट वेगळा ठेवला आणि दरवर्षी वाईट रोपं काढून टाकली, तर काही पिढ्यांत वाण स्थिर होतो. हेच मक्याच्या बाबतीत करायला गेलं तर वारा सगळं बिघडवतो. म्हणजे प्रयोगशाळा लागत नव्हती. लागत होती ती नजर. आणि ती नजर पऱ्हे (रोपं) काढताना, रोवण्यात, पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) रचताना मोठ्यांच्या मागे मागे फिरून तयार होते. "हा धान वेगळा दिसते" हे वाक्य कानावर पडून तयार होते.

त्या अमेरिकी अभ्यासातली एक गोष्ट मात्र मला टोचते. लहानपणी आजूबाजूला एखाद्या शाखेत स्त्री संशोधक असल्या, तर मुली त्या शाखेत शोध लावण्याची शक्यता वाढते. पुरुष संशोधक कितीही असले तरी मुलींवर तो परिणाम दिसत नाही. 1980 साली जन्मलेल्या तिथल्या संशोधकांत बाया 18 टक्के. हे वाचलं आणि आमची छपरी आठवली. पंखा फिरवायला नेहमी पोट्टाच. माझी बहीण माझ्यापेक्षा हुशार, पण ती तिथे डबा पोचवायला येई आणि परत जाई.

तिचं शिक्षण मायच्या हाताखाली चाललं होतं, ते मला तेव्हा दिसलं नाही. बियाणाची तूर राखेत घोळवून माय मडक्यात भरायची. राखेनं ओल शोषली जाते, आणि तिच्या बारीक कणांनी किड्याच्या अंगावरचा मेणट थर खरवडला जाऊन किडा सुकून मरतो. बियाणासाठी जोंधळ्याची कणसंही तीच निवडायची. गंमत अशी, की याला गावात कोणी कारागिरी म्हणत नसे. कामच म्हणत.

खातीबाबा गेले, छपरी पडली. आता फाट्यावर वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॅक्टरचे कल्टिव्हेटर आणि पेरणी यंत्रं तिथे दुरुस्त होतात. मागच्या उन्हाळ्यात बहिणीची मुलगी माझ्यासोबत आली होती, नऊ वर्षांची. ठिणग्या उडाल्या तशी ती पुढे सरकली. वेल्डर ओरडला, "ए बाई, तिकडे पाय, डोये जातीन!" ती दोन पावलं मागे गेली, तोंड फिरवलं, आणि पाठमोरीच विचारू लागली, की दोन लोखंडं चिकटतात ती त्या काडीनं का विजेनं. वेल्डरनं काम थांबवलं. कपाळाचा घाम पुसला, फळीवर चाचपडून जुन्या हेल्मेटची एक काळी काच काढली, बनियनला पुसली आणि तिच्या हातात दिली.

"डोयाले घट्ट लाव. अन् आता तूच सांग."