दोन जागा कमी पडल्या तेव्हा: ग्रीसच्या ‘अनेल’ची पार्श्वभूमी

२६ जानेवारी २०१५ ची सकाळ. आदल्या रात्री ग्रीसचा निकाल लागला होता. डाव्या सिरिझाला ३०० पैकी १४९ जागा, म्हणजे बहुमताला दोन कमी. पानोस कामेनोस अथेन्सच्या कुमुंदुरू चौकातल्या सिरिझाच्या मुख्यालयात गेले, आणि बाहेर येऊन त्यांनी तिथेच पाठिंबा जाहीर केला. त्यांच्या ‘स्वतंत्र ग्रीक’ पक्षाकडे (ग्रीक आद्याक्षरांवरून ‘अनेल’) पावणेपाच टक्के मतं आणि १३ जागा होत्या. दुपारी सिरिझाचे नेते अलेक्सिस त्सिप्रास पंतप्रधान झाले. ऑर्थोडॉक्स चर्चची धार्मिक शपथ न घेणारे ते पहिलेच ग्रीक पंतप्रधान. कामेनोस यांनी मात्र दुसऱ्या दिवशी धर्मगुरूंच्या साक्षीनेच संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली.

एक पक्ष कट्टर डावा, दुसरा चर्च, कुटुंब आणि राष्ट्र यांची भाषा बोलणारा. यांचं जमलं कसं, हे कळायला पाच वर्षं मागे जावं लागतं.

मे २०१० मध्ये ग्रीसने युरोपीय देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ११० अब्ज युरोंचं कर्ज घेतलं. सोबत अटींचा करार आला. त्याला तिथे सगळे ‘मेमोरँडम’ म्हणत. पगार कापले गेले, पेन्शन कापली गेली, करांचा बोजा वाढला. डावे-उजवे हा जुना भेद मागे पडला आणि मेमोरँडमच्या बाजूचे आणि विरोधातले अशी नवी फाळणी झाली. उजव्या ‘न्यू डेमोक्रसी’चे नेते अँतोनिस समारास आधी विरोधात होते. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांनी लुकास पापादेमोस यांच्या तीन पक्षांच्या आघाडी सरकारला पाठिंबा दिला. त्यांच्याच पक्षाचे खासदार कामेनोस यांनी विश्वासदर्शक ठरावात विरोधी मत दिलं आणि पक्षातून त्यांची हकालपट्टी झाली.

त्याच सरकारात ‘लाओस’ हा छोटा राष्ट्रवादी-धार्मिक पक्षही बसला होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो बाहेर पडला, पण तोवर उशीर झाला होता. मे महिन्यातल्या निवडणुकीत तीन टक्क्यांची किमान अट त्याला पार करता आली नाही. ती मोकळी जागा अनेलने घेतली.

कामेनोस यांनी पक्ष काढला फेब्रुवारी २०१२ मध्ये, आणि स्थापनेच्या जाहीरनाम्यासाठी गाव निवडलं डिस्टोमो. १० जून १९४४ रोजी जर्मन एसएस सैनिकांनी तिथे दोनशेहून अधिक गावकऱ्यांना ठार केलं होतं. जर्मनीकडून युद्धाची भरपाई मागणारा पक्ष तिथे उभा राहतो, तेव्हा कर्जाचा प्रश्न आपोआप देशाच्या अब्रूचा होतो. अनेलचं सगळं राजकारण या एका निवडीत दिसतं, असं मला वाटतं. मे २०१२ मध्ये त्यांना १०.६ टक्के मतं आणि ३३ जागा मिळाल्या. जूनमध्ये पुन्हा मतदान झालं तेव्हा त्या २० वर आल्या. उतार तेव्हाच सुरू झाला होता.

२०१५ मध्ये सिरिझापुढे पर्याय फारसे नव्हते. कम्युनिस्टांनी कधीच नकार कळवला होता, बाकीचे बहुतेक मेमोरँडमच्या बाजूचे. उरला अनेल. सत्तेत आल्यावर चारच दिवसांत कामेनोस हेलिकॉप्टरने इमिया बेटांवर गेले आणि १९९६ मध्ये तिथे मरण पावलेल्या तीन नौदल अधिकाऱ्यांसाठी त्यांनी समुद्रात पुष्पचक्र सोडलं. तुर्कस्तानशी वाद असलेल्या त्या दोन खडकांना ग्रीसमध्ये किती मान आहे, ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

मग जुलैचं सार्वमत आलं. ६१ टक्के लोकांनी कर्ज देणाऱ्यांच्या अटी नाकारल्या, आणि आठवडाभरात सरकारने त्याहून कडक अटी मान्य केल्या. दोन पक्षांना जोडणारा मेमोरँडमविरोधाचा धागा तिथेच तुटला. तरी अनेल सरकारात राहिला. सप्टेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली, सिरिझा १४५ आणि अनेल १० (३.६९ टक्के). समलिंगी जोडप्यांच्या नागरी नोंदणीचा कायदा डिसेंबर २०१५ मध्ये अनेलचा विरोध असूनही विरोधकांच्या मतांवर मंजूर झाला, सरकारला धक्का लागला नाही. ज्या लोकांनी मेमोरँडमविरोधात या पक्षाला मत दिलं, त्यांची खरी फसवणूक झाली ती या काळात, असं मी म्हणेन.

शेवटी एकच मुद्दा राहिला: मॅसेडोनिया. १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून फुटलेल्या शेजाऱ्याने ते नाव घेतलं, तेव्हापासून उत्तर ग्रीस अस्वस्थ होता. आपला उत्तरेकडचा प्रांतच मॅसेडोनिया, थेसालोनिकी त्याचीच राजधानी, हे नाव दुसऱ्याला कसं द्यायचं? याच प्रश्नावरून समारास यांनी वेगळी चूल मांडली आणि १९९३ मध्ये न्यू डेमोक्रसीचं मित्सोताकिस सरकार पडलं. १७ जून २०१८ रोजी त्सिप्रास यांनी प्रेस्पा सरोवराकाठी करार केला: शेजाऱ्याचं नाव ‘उत्तर मॅसेडोनिया’. कामेनोस यांचा विरोध उघड होता. ऑक्टोबरमध्ये परराष्ट्रमंत्री निकोस कोत्झियास यांच्याशी त्यांचं मंत्रिमंडळातच वाजलं आणि कोत्झियास यांनी राजीनामा दिला. १३ जानेवारी २०१९ ला कामेनोस स्वतः बाहेर पडले.

सरकार पडलं नाही. तीन दिवसांनी विश्वासदर्शक ठराव १५१ मतांनी मंजूर झाला, आणि त्यात अनेलच्या तिकिटावर निवडून आलेल्या चौघांची मतं होती. २५ जानेवारीला करारही १५३ मतांनी संमत झाला. संसदेतला अनेलचा गट मोडला. मे महिन्यातल्या युरोपीय निवडणुकीत पक्षाला ०.८ टक्के मतं मिळाली आणि जुलैतली राष्ट्रीय निवडणूक त्याने लढवलीच नाही. प्रेस्पावर चिडलेली मतं मागायला तोवर ‘ग्रीक सोल्यूशन’ हा दुसरा छोटा राष्ट्रवादी पक्ष पुढे आला होता. त्याला ३.७ टक्के मतं आणि १० जागा मिळाल्या.