प्रभाग समिती (महाराष्ट्र)

महानगरपालिकेतील लगतच्या काही प्रभागांसाठी नेमलेली वैधानिक समिती. पाणी, गटारे, कचरा, पावसाळी पाण्याचा निचरा यांच्या तक्रारी मुख्यालयापर्यंत न जाता त्या त्या भागातच निकाली निघाव्यात, हा तिचा हेतू. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत ती बंधनकारक केली. मुंबईला १८८८ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. इतर महानगरपालिकांना १९४९ चा, त्यातील कलम २९अ या समितीविषयी आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत सलोख्यासाठी निघालेल्या मोहल्ला समित्या वेगळ्या. त्यांना पालिकेचे अधिकार नाहीत.

त्या प्रभागांचे सर्व नगरसेवक, क्षेत्रीय कार्यालयाचे प्रमुख अधिकारी आणि सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी मिळून समिती होते. अध्यक्ष दरवर्षी नगरसेवकांतून निवडतात. संस्थांची नावेही नगरसेवकच सुचवतात, आणि खरी अडचण इथेच आहे: वस्तीत राबणाऱ्या संस्थेऐवजी पक्षाच्या जवळची संस्था आत येते.

कलम २९अ नुसार ५ लाख रुपयांपर्यंतच्या कामाला समिती प्रशासकीय मान्यता व वित्तीय मंजुरी देऊ शकते, मात्र अंदाजपत्रकात त्या कामाची तरतूद हवी. साधारण क्रम असा: नागरिकाचा अर्ज, कनिष्ठ अभियंत्याची जागेवर पाहणी, पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), समितीची मंजुरी, मग निविदा. तरतूद नसेल तर अर्ज कितीही रास्त असला तरी काम अडते. मोठे काम मर्यादेत बसवण्यासाठी त्याचे तुकडे पाडले, तर एकाच गल्लीत ड्रेनेजची अर्धी लाइन नवी आणि अर्धी जुनी राहते व चोकअप पुढच्या चेंबरला सरकतो.

वेळ चुकली तर वर्ष जाते. आयुक्तांचे अंदाजपत्रक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीकडे जाते, म्हणून मागणी त्याच्या काही महिने आधीच क्षेत्रीय कार्यालयात पोहोचायला हवी. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक राबवले जाते. त्याचे अर्ज पावसाळ्याच्या सुमारास घेतात. ‘रस्ता सुधारावा’ असे मोघम लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. कोणत्या घरापासून कोणत्या चौकापर्यंत, किती मीटर, जागा पालिकेची की खासगी, हे त्यात लिहावे. खासगी सोसायटीच्या आवारातील काम बसत नाही.

‘प्रभाग’ हा शब्द वस्तीची आठवण देतो, पण आकार तसा नाही. मुंबईच्या १७ समित्यांवर २०११ ची लोकसंख्या वाटली, तर एकेकीच्या वाट्याला सात लाखांहून अधिक माणसे येतात. केरळच्या मोठ्या शहरांत प्रत्येक वॉर्डाला स्वतंत्र समिती आहे. महाराष्ट्रात ही दरी भरून काढण्यासाठी २००९ मध्ये मतदान केंद्रांच्या पातळीवरील क्षेत्रसभेची, म्हणजे तिथल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आली. तिचे अध्यक्षपद नगरसेवकाकडे असल्याने सभा बोलावणे त्याच्याच हाती राहिले आणि बहुतेक ठिकाणी ती कागदावरच आहे.

समितीची मुदत महानगरपालिकेच्या मुदतीशी बांधलेली असते. मार्च २०२२ मध्ये मुंबई व पुण्यातील नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हा समित्याही संपल्या. प्रशासकाच्या काळात क्षेत्रीय कार्यालये तक्रारी घेत राहिली. अधिकाऱ्याला समोर बसवून जाब विचारणारी बैठक मात्र बंद झाली.