फॉर्म गेला म्हणजे नेमकं किती गेलं?

२०२१ चा गणपती. टिळकवाडीत आमच्या चुलत्यांच्या घरी गणपती बसून दुसरीच रात्र, दीड वाजता टीव्हीचा आवाज बारीक करून आम्ही टेनिसच्या यूएस ओपनची फायनल बघत होतो. एमा रादुकानू, वय १८, क्वालिफायर, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेरीच्या मॅच, खेळून आलेली, १० मॅचमध्ये एकही सेट न हरता ट्रॉफी घेऊन गेली. दादा म्हणाला, ही आता दहा वर्षं कुणाला सोडत नाही बघ. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत ती पहिल्याच राउंडला बाहेर, आणि दादाचा निकाल तयार, "पैसा आला की डोकं फिरतंयच की मर्दा."

डोकं वगैरे ठीक, पण आधी हिशोब बघू.

टेनिसचा स्कोअर मोजायची पद्धतच अशी आहे की पॉईंटचा बारीकसा फरक गेममध्ये वाढतो, गेमचा सेटमध्ये आणि सेटचा मॅचमध्ये. समजा, एखादी पोरगी १०० पैकी ५५ पॉईंट जिंकायच्या ताकदीची आहे, तर तीन सेटची मॅच ती साधारण ९१ टक्के वेळा जिंकणार. ५३ वर आली की ७९ टक्के, आणि ५१ वर आली की फक्त ६०. शंभरात चारच पॉईंट कमी! आता ग्रँड स्लॅमला, म्हणजे यूएस ओपनसारख्या मोठ्या स्पर्धेला, लागोपाठ सात मॅच जिंकायच्या असतात, तर ९१ वाली निम्म्या वेळा ट्रॉफी नेईल आणि ६० वाली शंभरात जेमतेम तीनदा. खोटं वाटत असेल तर फेडररचं घ्या, त्यानं स्वतःच सांगितलंय की सिंगल्सच्या १५२६ मॅचपैकी जवळजवळ ८० टक्के जिंकल्या, पण पॉईंट मात्र ५४ टक्केच.

वर नशीब आहेच. ताकद तीच असली तरी १०० पॉईंटमध्ये पाचएक इकडचे तिकडे सहज होतात, नाणं उडवल्यासारखं. आणि आपण नवीन पोरांकडं बघायला लागतो ते नेमकं त्यांचं सगळं जुळून आलेल्या आठवड्यात, मग पुढचे आठवडे पडल्यासारखे दिसणारच.

पण नवीन पोरांचे ते चार पॉईंट खरोखरच जातात, त्याला कारणं आहेत. ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस अर्ध्या सेकंदात अंगावर येते, तेवढ्यात विचार करायला वेळ नसतो, समोरच्याचा खांदा आणि टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू, बघून आधीच ओळखावं लागतं, आणि ती ओळख शेकडो मॅच खेळूनच येते. तिकडं समोरचे तुमचे व्हिडिओ बघून बॅकहँडचं दुखणं शोधून बसलेले. शिवाय कोर्ट बदलतं. आपल्याकडं लाल मातीत वाढलेला पैलवान मॅटवर गेला की पहिल्यांदा कसा अडखळतो, तसंच सिमेंटसारख्या हार्ड कोर्टवरून पॅरिसच्या फ्रेंच ओपनच्या मातीवर गेल्यावर, चेंडू हळू येतो आणि उसळतो जास्त. त्यात रँकिंगचे पॉईंट ५२ आठवड्यांनी गळतात, म्हणजे मागच्या वर्षीचं यश या वर्षी परत कमवायचं. (आपल्या कूर्गचा बोपण्णा ४३ व्या वर्षी डबल्समध्ये नंबर वन झाला, त्याच्यामागं वीस वर्षांच्या मॅच होत्या.)

मागच्या महिन्यात दादाचा पोरगा क्लबच्या कोर्टवर ४-६, ४-६ हरला. दादा सुरू, "लक्ष नाही खेळात." मी कडेला बसून वहीत रेघा मारत होतो, ५८ विरुद्ध ६२. दोन पॉईंट फिरले असते तर बरोबरी. दादानं वही हातात घेतली, दोनदा मोजलं आणि पोराला हाक मारली, "ए, ते दोन कुठले रे?"

"दोन्ही डबल फॉल्ट, पप्पा. लागोपाठ दोन सर्व्हिस चुकवून फुकट दिलेले."