किरणोत्सर्ग पट्ट्यांचा शोध आणि सोव्हिएत संघाची हुकलेली संधी

पृथ्वीभोवती तिच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या विद्युतभारित कणांचे दोन पट्टे आहेत आणि ते व्हॅन ॲलन या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नावाने ‘व्हॅन ॲलन पट्टे’ म्हणून ओळखले जातात. अंतराळस्पर्धेची पहिली दोन वर्षे बारकाईने तपासली, तर हा शोध मॉस्कोतील भौतिकशास्त्रज्ञ सर्गेई वेर्नोव्ह यांच्या हाती किती जवळ येऊन निसटला हे दिसते आणि त्याचे मूळ बऱ्याच अंशी त्या स्पर्धेतल्या घाईत आणि गुप्ततेत होते.

सोव्हिएत अग्निबाण कार्यक्रमाचे प्रमुख रचनाकार सर्गेई कोरोल्योव्ह यांच्या मूळ योजनेत पहिला उपग्रह उपकरणांनी भरलेली प्रयोगशाळाच असणार होता. ती वेळेत तयार होईना आणि अमेरिका पुढे जाईल ही धास्ती होती, म्हणून ४ ऑक्टोबर १९५७ रोजी ८३.६ किलो वजनाचा साधा गोळा, म्हणजे स्पुटनिक-१, सोडण्यात आला. पुढच्याच महिन्यात, ३ नोव्हेंबरला, लायका या कुत्रीला घेऊन स्पुटनिक-२ गेला. त्यात वेर्नोव्ह यांनी वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, मोजण्यासाठी बसवलेले गायगर गणक (आदळणारा प्रत्येक कण मोजणारे उपकरण) होते.

या उपग्रहाची कक्षा लंबगोल होती. सोव्हिएत भूमीवरून जाताना तो खाली असे आणि त्याचा सर्वांत उंच टप्पा, म्हणजे पट्ट्याला भिडणारा भाग, दक्षिण गोलार्धात येई. सोव्हिएत केंद्रे मात्र स्वतःच्या भूमीवरचेच संकेत टिपत होती. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तिकडचे संकेत नोंदवले होते. पण त्यांचा उलगडा करण्याची किल्ली सोव्हिएत संघाने दिली नाही आणि ऑस्ट्रेलियानेही आपल्या नोंदी हवाली केल्या नाहीत. वेर्नोव्ह यांच्यासमोर राहिली ती कमी उंचीवरची मोजमापे.

व्हॅन ॲलन यांचा गणक घेऊन गेलेला अमेरिकी उपग्रह एक्सप्लोरर-१ सुमारे १४ किलोंचा होता. तो ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री सुटला आणि पृथ्वीपासून सुमारे २,५५० किलोमीटर उंचीपर्यंत जाऊ लागला. कमी उंचीवर त्याचा गणक सेकंदाला सुमारे ३० कण मोजत होता, तर दक्षिण अमेरिकेवर २,००० किलोमीटरपलीकडे गेल्यावर आकडा शून्यावर येई. २६ मार्चला सोडलेल्या एक्सप्लोरर-३ मध्ये ध्वनिफितीसारखे नोंदयंत्र होते, त्यामुळे पूर्ण प्रदक्षिणेची मोजमापे मिळाली, आणि त्यांतही अतिशय जास्त मोजणीनंतर शून्य येत होते. व्हॅन ॲलन यांचे सहकारी कार्ल मॅकइलवेन यांनी प्रयोगशाळेत तशाच गणकावर क्ष-किरणांचा तीव्र मारा केला, तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक कण नोंदवल्यानंतर गणकाला पुन्हा सज्ज होण्यास अत्यल्प काळ लागतो. त्याआधीच पुढचे कण आदळत राहिले, तर त्याला एकही स्पंद नीट नोंदवता येत नाही. म्हणजे जिथे शून्य होते, तिथे किरणोत्सर्ग अतिशय तीव्र होता. १ मे १९५८ रोजी व्हॅन ॲलन यांनी हा निष्कर्ष जाहीर केला. इतक्या साध्या उपकरणाच्या मुकेपणातून एवढा अर्थ काढणे ही मला या सगळ्या स्पर्धेतील सर्वांत सुंदर वैज्ञानिक कामगिरी वाटते.

दोनच आठवड्यांनी, १५ मेला, कोरोल्योव्ह यांची मूळ प्रयोगशाळा स्पुटनिक-३ म्हणून अवकाशात गेली. तिचे वजन १,३२७ किलो, म्हणजे एक्सप्लोरर-१ च्या नव्वदपटींहून जास्त होते. परंतु तिचे नोंदयंत्र निकामी ठरले. त्यातील दोष उड्डाणापूर्वीच्या चाचणीत दिसूनही उड्डाण थांबवले गेले नव्हते. संपूर्ण पट्ट्याचा नकाशा काढण्याची क्षमता असलेल्या उपग्रहाकडून पुन्हा एकदा, तो केंद्रांच्या टप्प्यात असताना येणारी तुटक मोजमापेच मिळाली.

तरीही वेर्नोव्ह आणि त्यांचे सहकारी अलेक्सांद्र चुदाकोव्ह यांनी त्या तुटक मोजमापांतून उत्तरेकडील उच्च अक्षांशांवर दिसणारा वेगळा किरणोत्सर्ग ओळखला. तो बाहेरच्या पट्ट्याचा होता. डिसेंबर १९५८ मध्ये अमेरिकेचे पायोनियर-३ हे यान चंद्रापर्यंत न पोहोचता एक लाख किलोमीटरहून अधिक उंची गाठून परतले आणि जाता-येता दोन्ही पट्टे ओलांडताना त्यांची रचना नोंदवून गेले. पुढच्याच महिन्यात चंद्राकडे निघालेल्या सोव्हिएत ल्यूना-१ नेही बाहेरच्या पट्ट्याची मोजमापे पाठवली. आतल्या पट्ट्याला व्हॅन ॲलन यांचे नाव देणे उचितच आहे. बाहेरच्या पट्ट्याचा उल्लेख करताना मात्र वेर्नोव्ह आणि चुदाकोव्ह यांची नावेही घ्यायला हवीत.