युरोपच्या चांदीच्या नाण्यांमागे होतं शिसं

पंधराव्या शतकात युरोपात चांदीची भयंकर टंचाई होती, जुन्या खाणी खोल जाऊन त्यात पाणी भरलेलं आणि मसाले, रेशीम घ्यायला पूर्वेकडे गेलेली चांदी काही परत येत नव्हती. आणि मग १४८६ मध्ये टायरोलचा (आजच्या ऑस्ट्रियातला प्रांत) आर्चड्यूक सिगिसमुंड हॉल गावच्या टांकसाळीत सुमारे ३२ ग्रॅमचं चांदीचं नाणं पाडतो, गुल्डन नावाच्या सोन्याच्या एका नाण्याच्या किमतीचं! एवढी चांदी अचानक आली कुठून?

नवीन खाणी सापडल्या हे खरंच आहे, श्वाट्स, श्नीबर्ग, पुढे १५१६ ला योआखिमस्टाल, जिथून थालर हे चांदीचं नाणं निघालं. पण मला विचाराल तर खरी कमाल भट्टीतली आहे. श्वाट्सच्या खनिजात चांदी तांब्यात मिसळलेली असायची, तीही अगदी थोडी, आणि ती वेगळी कशी करायची हाच मोठा प्रश्न होता.

युक्ती अशी, की तांबं वितळवून त्यात भरपूर शिसं घालायचं. चांदीला तांब्यापेक्षा शिसं जास्त जवळचं, म्हणून ती शिशात उतरते. थंड होताना तांबं आणि शिसं एकमेकांत मिसळून राहत नाहीत, वेगळे होतात. मग त्या गोळ्याला परत बेताचा ताव द्यायचा. शिसं ३२७ अंशाला वितळतं, तांब्याला १०८५ लागतात, त्यामुळे शिसं घामासारखं पाझरून खाली येतं आणि चांदी सोबत घेऊन येतं, तांबं मागे जाळीदार होऊन उरतं. आता शिशावर जोरात हवा मारायची, त्याचं मुरदाडशिंग (शिशाचं ऑक्साइड) होतं, ते काढून टाकलं की तळाशी चांदी! न्युरेंबर्गच्या भागात पंधराव्या शतकात हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं, आणि खाणकामावर लिहिणाऱ्या जर्मन विद्वान अग्रिकोलाने १५५६ च्या त्याच्या ग्रंथात सगळं चित्रांसकट लिहून ठेवलंय.

यात धंद्याची गंमत म्हणजे चांदी विकायची आणि उरलेलं तांबंही विकायचं, म्हणून आउग्सबुर्गच्या फुगर या सावकार-व्यापारी घराण्याने यात प्रचंड पैसा ओतला. त्यांचं तांबं पोर्तुगीज विकत घेऊन मिरीच्या बदल्यात हिंदुस्थानात आणायचे. २००८ मध्ये नामिबियाच्या किनाऱ्यावर एक बुडालेलं पोर्तुगीज जहाज सापडलं, बहुधा १५३३ ला आपल्याकडे यायला निघालेलं 'बोम जेझूस', त्यात टनावारी तांब्याचे गोळे होते आणि त्यावर फुगरांचा त्रिशूळाचा शिक्का. तांब्यात राहिलेल्या शिशाचे आयसोटोप (वेगवेगळ्या वजनाचे अणू, ज्यांच्या प्रमाणावरून खाण ओळखता येते) तपासले तेव्हा ते आजच्या स्लोव्हाकियातल्या खाणींशी जुळले.