लेकॉकमधील पारंपरिक घरे

लेकॉक हे इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील एक खेडे असून ते चिपनहॅम शहराच्या दक्षिणेस सुमारे ५ किमी. अंतरावर, ब्रिस्टलकडे वाहत जाणाऱ्या एव्हन नदीच्या काठी वसले आहे (शेक्सपिअरच्या गावची एव्हन निराळी). हाय स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट या चार रस्त्यांचा चौकोन म्हणजे जवळजवळ सारे गाव. चौदाव्या ते अठराव्या शतकांतील घरे येथे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि त्यांतील बहुतेकांत आजही लोक राहतात.

गावाचा इतिहास तेथील मठापासून वेगळा काढता येत नाही. सॉल्झबरीची काउंटेस एला हिने पतीच्या मृत्यूनंतर १२३२ मध्ये येथे जोगिणींचा मठ उभारला आणि पुढे ती स्वतःच त्याची प्रमुख झाली. गावातील कुळे खंड आणि धर्मादाय दशांश धान्य, कातडी व लोकर या रूपांत भरीत. तो माल साठवण्याचे चौदाव्या शतकातील दगडी कोठार ईस्ट स्ट्रीटवर शाबूत आहे. त्याला लागून घुमटाकार छपराची एक लहानशी कोठडी आहे. दारू पिऊन दंगा करणाऱ्यांना रात्रभर डांबून ठेवण्यासाठी ती पुढे अठराव्या शतकात बांधण्यात आली. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये, मठ बरखास्त झाला. विल्यम शॅरिंग्टन याने तो विकत घेतला, त्यातील चर्च पाडले आणि उरलेल्या इमारतीचा निवासी वाडा केला. गावचे सेंट सिरिअॅक चर्च मात्र वेगळे असल्याने वाचले.

सर्वांत जुन्या घरांची रचना समजून घेण्यास चर्च स्ट्रीटवरील एका घराची बाजूची भिंत पुरेशी आहे. तेथे दोन जाड, वाकडी लाकडे खालून निघून वर आढ्यापाशी एकमेकांना मिळालेली उघड दिसतात. नैसर्गिकरीत्या वाकलेल्या ओक वृक्षाचे खोड उभे चिरले की एकसारख्या बाकाचे दोन भाग मिळतात. ते समोरासमोर उभे केले की एक कमान होते आणि अशा कमानींची रांग छपराचा भार थेट जमिनीपर्यंत नेते. भार सांगाडा पेलत असल्यामुळे भिंतींवर फारसे ओझे नसे. लाकडी चौकटींमधील मोकळी जागा काठ्यांच्या विणीवर माती, शेण आणि पेंढा यांचा लेप देऊन, म्हणजे कूड घालून भरत आणि वरून चुना लावीत. ओक ताजा व ओला असतानाच त्यावर काम करीत, कारण वाळल्यावर तो हत्यारांना दाद देत नाही. वाळताना तो आक्रसतो आणि पिळवटतो. जुन्या घरांचा कललेपणा पुष्कळदा यातून आलेला असतो, त्याचे कारण दर वेळी खचलेला पाया नसते. लाकडी सांगाड्याच्या इतर घरांचा वरचा मजला अनेकदा मुद्दामच रस्त्यावर पुढे काढलेला असतो.

नंतरच्या काळात दगड आणि वीट आली. लोकरीच्या व्यापारातून पैसा मिळालेल्यांनी दगडी घरे बांधली, तर काहींनी जुन्या लाकडी घराला पुढून नवी भिंत दिली. त्यामुळे रस्त्यावरून दिसणारे वय आणि घराचे खरे वय यांत दोन-तीन शतकांचा फरक असू शकतो. छपरांवर पातळ दगडी फरशांची कौले असल्याने त्यांचे वजन मोठे असते. जॉर्ज इन या जुन्या खाणावळीत चुलीजवळ एक लाकडी चाक जपून ठेवले आहे: चाकात कुत्रा चालवून मांस भाजण्याची सळई फिरवली जाई.

ही घरे टिकली ती गावकऱ्यांच्या सौंदर्यदृष्टीमुळे, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. मुख्य कारण मालकीचे आहे. मठ, शॅरिंग्टन आणि पुढे टॅल्बट घराणे असा जवळजवळ सारा गाव शतकानुशतके एकाच मालकाकडे राहिला. घर कुळाच्या मालकीचे नसल्याने ते पाडून नवे बांधण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. याच घराण्यातील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८३५ मध्ये वाड्याच्या एका जाळीदार खिडकीचे छायाचित्र घेतले. ती आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छायाचित्र-निगेटिव्ह मानली जाते. मटिल्डा टॅल्बट यांनी १९४४ मध्ये वाडा आणि गाव ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकले.

तेव्हापासून ट्रस्ट घरे भाड्याने देतो आणि डागडुजीवर देखरेख ठेवतो. विजेच्या तारा जमिनीखालून नेल्यामुळे रस्त्यांवर खांब नाहीत, म्हणूनच ऐतिहासिक चित्रपटांची चित्रीकरणे येथे वारंवार होतात. पर्यटकांची गर्दी हा त्याचा दुसरा परिणाम. इंग्लंडमध्ये १७०० पूर्वीच्या, मूळ रूप बऱ्याच अंशी टिकवून असलेल्या इमारतींना सहसा कायद्याने संरक्षण मिळते आणि परवानगीवाचून त्यांत फेरफार करणे हा गुन्हा ठरतो. दुरुस्तीत सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती गिलाव्याची. चुन्यातून भिंतीतील ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडते आणि ओकचे लाकूड कुजू लागते. म्हणून विसाव्या शतकात देशभर जुन्या घरांवर चढवलेले सिमेंट आता अनेक ठिकाणी खरवडून पुन्हा चुना लावला जात आहे.